टनावारी माल पकडूनही बाजारात तुटवडा का पडत नाही?

प्रश्न असा आहे: दर महिन्याला कुठल्या तरी बंदरात दोन टन, पाच टन, दहा टन अमली पदार्थ पकडल्याची बातमी येते. मग माल संपत का नाही, भाव का चढत नाही? हा माल तयार कुठे होतो, फिरतो कसा, आणि त्याला अडवायची खरी जागा कोणती?

आधी हिशोब करू, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहेत. समजा कोकेनचा एक किलो कोलंबियातून निघताना २,००० डॉलरला पडतो, युरोपात घाऊक बाजारात ३०,००० ला जातो आणि पुड्या करून विकल्यावर त्याचे ८०,००० होतात. आकडे सोयीसाठी गोल केलेत, पण प्रमाण साधारण असंच असतं. एक टन पकडला की बातमीत ‘आठ कोटी डॉलरचा माल’ असं छापून येतं. ज्याचा माल गेला त्याचं मात्र खरेदीचं नुकसान वीस लाखांचं असतं. पाचातली एक खेप कायम पकडली जाते असं धरलं, तर चार किलो पोचवायला पाच किलो घ्यावे लागतात. म्हणजे पोचलेल्या प्रत्येक किलोमागे खरेदी २,००० वरून २,५०० वर जाते. तीस हजारांच्या भावात पाचशेची वाढ कुणाला जाणवणार? वाहतुकीवर आगाऊ खर्च केलेले किलोमागे पाच हजार धरले तरी बोजा पावणेदोन हजारांनीच वाढतो. आता तोच माल घाऊक व्यापाऱ्याने तीस हजारांना विकत घेऊन गोदामात ठेवल्यावर पकडला, तर पाचात एक या त्याच प्रमाणाने त्याची खरेदी ३७,५०० वर जाते. बातमी लहान आणि मार मोठा.

या धंद्यात मालाला फारशी किंमत नसते. किंमत असते ती धोका पत्करण्याची. अंतर वाढेल, हात बदलतील, तसा भाव चढतो, आणि चढलेल्या भावातला मोठा हिस्सा तुरुंगाची, दगाफटक्याची आणि जप्तीची भरपाई म्हणून वाटला जातो. त्यामुळे मूळ देशातलं शेत उपटलं काय किंवा समुद्रात खेप बुडवली काय, जे गेलं ते साखळीतलं सगळ्यात स्वस्त आणि सहज भरून निघणारं सामान असतं.

उत्पादन आणि जप्तीचे आकडे शेजारी ठेवून टक्केवारी काढायचा मोहही टाळावा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात ३,७०८ टन कोकेन तयार झालं, आणि त्याच वर्षी २,२७५ टन जप्त झालं. म्हणजे साठ टक्के माल पकडला? नाही. उत्पादनाचा आकडा शंभर टक्के शुद्ध मालाचा असतो. जप्तीचा आकडा तराजूवरच्या वजनाचा असतो, आणि त्यात भेसळ आलीच. शिवाय दोन देशांनी मिळून केलेली एकच कारवाई कधीकधी दोन्हीकडे मोजली जाते. उत्पादनाचा अंदाजही उपग्रहचित्रांवरून लागवडीचं क्षेत्र काढून, त्याला हेक्टरी उतारा लावून केलेला असतो. उताऱ्याचा आकडा जुना असेल तर पुढचं सगळं गणित हुकतं.

आता शेतापासून सुरुवात करू. अफू आणि कोका ही दोन पिकं आहेत, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. अफू हंगामी आहे. बोंडाला चिरा पाडायच्या, रात्रभरात पाझरलेला चीक सकाळी खरवडून घ्यायचा, हे काम एकाच शेतात पुन्हापुन्हा करावं लागतं. म्हणून मजुरी फार लागते. मात्र तयार अफू सुकवून नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. तिला शीतगृह लागत नाही, बँक लागत नाही. बँका नसलेल्या भागात ती शेतकऱ्याची बचत असते, मुलीच्या लग्नाची तरतूद असते आणि सावकाराकडे ठेवायचं तारणही असते. हे लक्षात न घेता काढलेली बंदी कशी वागते, ते अफगाणिस्तानने दोनदा दाखवलंय.

पहिली बंदी जुलै २००० ची. लागवड ८२,००० हेक्टरवरून पुढच्या वर्षी ८,००० च्या आसपास आली आणि अफूचा भाव दहापट चढला. ज्यांच्याकडे साठा होता ते रातोरात श्रीमंत झाले. ज्या शेतकऱ्यांनी पुढच्या पिकावर उचल घेतली होती ते कर्जात बुडाले. दुसरी बंदी एप्रिल २०२२ ची. त्या वर्षी २,३३,००० हेक्टर लागवड होती, २०२३ मध्ये ती १०,८०० वर आली. उत्पादन ६,२०० टनांवरून ३३३ टनांवर. एका हंगामात ९५ टक्के घट. इतकी मोठी घट जगात कुठल्याही फवारणीने किंवा उपटणीने केलेली नाही. तरीही युरोपात हेरॉइन नाहीसं झालं नाही. कारण साठा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ च्या अखेरीस अफगाण मालाचा १३,२०० टनांचा साठा होता, म्हणजे २०२७ पर्यंतची मागणी भागेल इतका. बंदीआधी किलोला शंभर डॉलरच्या आसपास असलेला भाव २०२४ च्या पहिल्या सहामाहीत ७३० च्या घरात गेला. म्हणजे शेतकऱ्याला पुन्हा पेरायचा मोह सातपट झाला. बाजाराच्या बाजूने पाहिलं तर बंदीचा पहिला परिणाम तुटवडा हा नसतो. साठा असलेल्याला नफा, हाच पहिला परिणाम.

दरम्यान म्यानमार पुन्हा सगळ्यात मोठा अफू उत्पादक झाला. २०२३ मध्ये तिथे ४७,१०० हेक्टर लागवड होती, बहुतेक शान प्रांतात. याला ‘फुगा दाबणे’ म्हणतात: एकीकडे दाबला की दुसरीकडे फुगतो. उपमा चांगली असली तरी ती सरसकट लावू नये. थायलंडच्या उत्तरेकडची अफू खरोखर गेली, पण १९६९ मध्ये सुरू झालेल्या पर्यायी पिकांच्या कामाला, रस्त्यांना, जमिनीच्या हक्कांना आणि शाळांना मिळून तीसेक वर्षं द्यावी लागली. तीन वर्षांच्या निधीचे प्रकल्प इथे हमखास आपटतात. कॉफीचं रोप फळायला तीन-चार वर्षं घेतं. फळ यायच्या आत निधी संपतो आणि शेतकरी पुन्हा अफू पेरतो.

कोकाचं झुडूप बारमाही. वर्षातून तीन ते सहा वेळा पानं तोडता येतात, म्हणून एक तोडणी उद्ध्वस्त केली तरी शेतकरी काही महिन्यांत पुन्हा उभा राहतो. पिकतो मुख्यतः कोलंबिया, पेरू आणि बोलिव्हियात. कोलंबियात २०२३ मध्ये २,५३,००० हेक्टर कोका होता. पानं ताजी आणि जड असतात, लांब नेणं परवडत नाही. म्हणून पहिली प्रक्रिया शेताजवळच झोपडीवजा छपरात होते आणि त्यापुढचा टप्पा मोठ्या प्रयोगशाळेत. छाप्यांच्या आकडेवारीत ‘हजारो प्रयोगशाळा नष्ट’ असं येतं तेव्हा विचारावं, कुठल्या टप्प्यातल्या? शेताकडेचं छप्पर आठवड्यात पुन्हा उभं राहतं. शेवटच्या टप्प्याची जागा गेली तर मात्र काही काळ धंदा खोळंबतो.

पण खरा बदल शेताबाहेर झालाय. मेथॅम्फेटामिन, फेंटानिल, एमडीएमए या कृत्रिम अमली पदार्थांना ना ऋतू, ना जमीन, ना उपग्रहाला दिसणारं पीक. त्यांना लागतात रसायनं. या रसायनांना प्रिकर्सर म्हणतात, आणि माझ्या मते आंतरराष्ट्रीय नियंत्रणाचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे.

अमली पदार्थांच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या १९८८ च्या संयुक्त राष्ट्र कराराचं कलम १२ यासाठी आहे. त्याच्या दोन तक्त्यांत ही रसायनं नोंदवलेली असतात. अडचण अशी की यातल्या अनेकांचा सरळ, मोठा आणि कायदेशीर उपयोग असतो. हेरॉइनसाठी लागणारं ॲसिटिक अनहायड्राइड घ्या. ते ॲस्पिरिनला लागतं, सेल्युलोज ॲसिटेटला लागतं, आणि त्याचा कायदेशीर व्यापार इतका मोठा आहे की गैरमार्गाने जाणारा भाग त्यात चिमूटभर ठरतो. बंदी घालता येत नाही, नजर ठेवता येते. ती ठेवण्यासाठी आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाने २००६ पासून निर्यातपूर्व सूचनेची ऑनलाइन व्यवस्था चालवली आहे. निर्यात करणाऱ्या देशाचा अधिकारी आयात करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्याला कळवतो: अमुक कंपनी, अमुक रसायन, इतके किलो, या तारखेला. समोरच्याने तपासायचं की कंपनी खरी आहे का, परवाना आहे का, इतका माल तिला लागतो का. आक्षेप आला तर माल थांबतो.

ही व्यवस्था तीन ठिकाणी गळते. पहिली गळती उत्तर न देण्याची. सूचना जाते, मुदत टळते, समोरून अवाक्षर नाही. मग माल रोखायला आधार उरत नाही. दुसरी गळती देशांतर्गत. सूचना फक्त सीमा ओलांडणाऱ्या मालाला लागू. माल देशात कायदेशीर आला किंवा देशातच बनला आणि तिथून दुसऱ्याच्या हाती गेला, तर आंतरराष्ट्रीय यंत्रणेला पत्ता लागत नाही. तिसरी गळती सगळ्यात चिवट: रसायनच बदलायचं. एक नोंदवलं की त्याच्या आधीच्या पायरीवरचं, अजून यादीत नसलेलं रसायन बाजारात येतं. ॲम्फेटामिन बनवायला वापरलं जाणारं आपान नावाचं रसायन २०१४ मध्ये तक्त्यात आलं. काही वर्षांत त्याची जागा त्याच्या भावंडांनी घेतली आणि २०१९, २०२० मध्ये त्यांनाही यादीत आणावं लागलं. यातल्या काहींना उद्योगात कसलाही उपयोग नसतो. यादी चुकवण्यापुरतीच ती बनवलेली असतात. शेवटी मार्च २०२४ मध्ये एकेका रसायनामागे धावणं सोडून १८ रसायनांना एकदम यादीत घातलं गेलं, त्यातली बहुतेक एकमेकांशी नातं असलेली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

फेंटानिलची गोष्ट याच साखळीची. २०१९ पर्यंत तयार माल चीनमधून टपालाने थेट अमेरिकेत जात होता. १ मे २०१९ पासून चीनने फेंटानिलच्या वर्गातले सगळे पदार्थ एकत्रित नियंत्रणाखाली आणले. तयार मालाचं टपाल आटलं, आणि पुढे चीनमधली रसायनं मेक्सिकोत जाऊन तिथे माल बनू लागला. २०२२ मध्ये आणखी तीन प्रिकर्सर आंतरराष्ट्रीय यादीत गेले, आणि चीनने देशांतर्गत त्यांच्यावर बंधन घातलं ते १ सप्टेंबर २०२४ पासून. दोन वर्षांची ही फट बाजाराला पुरेशी असते. फेंटानिलमध्ये आणखी एक गोष्ट सगळं गणित बदलते ती म्हणजे आकारमान. ते हेरॉइनच्या साधारण पन्नासपट तीव्र असतं आणि दोन मिलिग्रॅम जीवघेणे ठरू शकतात. एका किलोत असे पाच लाख भाग बसतात. वर्षभराच्या मागणीला अफूची हजारो हेक्टर जमीन लागते, तर तेवढ्याच तीव्रतेचं फेंटानिल काही टनांत मावतं. सीमेवर ते शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. म्हणून इथे रसायन आणि गोळ्या छापायची यंत्रं यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणं जास्त फळतं. यंत्रसामग्रीसाठी त्याच करारात कलम १३ आहे, पण त्याचा वापर कमी होतो.

पूर्व आणि आग्नेय आशियात २०२४ मध्ये २३६ टन मेथ, म्हणजे मेथॅम्फेटामिन, पकडलं गेलं, तोवरचा उच्चांक. ऑक्टोबर २०२१ मध्ये लाओसच्या बोकेओ प्रांतात एका ट्रकमधून साडेपाच कोटी गोळ्या आणि दीड टन स्फटिकरूप माल निघाला होता. इतकं होऊनही त्या भागात भाव चढला नाही. जप्ती वाढतेय आणि भाव उतरतोय, असं एकत्र दिसलं की समजायचं उत्पादन जप्तीपेक्षा वेगाने वाढतंय. कॅप्टागॉनबद्दल थोडक्यात: हे मुळात जर्मनीतल्या एका औषधाचं नाव. ते औषध कधीच बंद झालं. आज त्या नावाच्या गोळीत साधं ॲम्फेटामिन असतं. जुलै २०२० मध्ये इटलीच्या सालेर्नो बंदरात अशा ८.४ कोटी गोळ्या सापडल्या, सिरियातून आलेल्या.

आता वाहतूक. छोट्या विमानांच्या, बोगद्यांच्या, अर्धपाणबुड्यांच्या कथा रंगतदार असतात. २०१९ मध्ये स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यावर तीन टन कोकेन घेऊन अटलांटिक ओलांडलेली एक सापडलीही. पण मोठा माल जातो तो साध्या कंटेनरने, केळी, लाकूड, फरशी, भंगार यांच्या सोबत. जगातल्या बंदरांवर येणाऱ्या शंभरातले मोजकेच कंटेनर उघडले किंवा स्कॅन केले जातात. सगळे उघडायचे ठरवलं तर बंदर दोन दिवसांत तुंबेल. त्यामुळे खरं काम कंटेनर उघडण्याच्या आधी कागदावर होतं. संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक सीमाशुल्क संघटना २००४ पासून यासाठी बंदरांत संयुक्त पथकं उभी करत आहेत.

कागद तपासणारा माणूस काय पाहतो? बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाने माल घेतल्याच्या पावतीवर, मालाचं वर्णन मोघम आहे का. निर्यातदार पहिल्यांदाच या मालाचा धंदा करतोय का. मालाच्या किमतीपेक्षा भाडं जास्त होतंय का. स्वस्तातली फरशी दोन महासागर ओलांडून कुणी नेत नाही. तो देश हा माल मुळात पिकवतो का, विकतो का. मार्ग सरळ आहे का. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात ‘टाल्क दगड’ म्हणून आलेल्या दोन कंटेनरांत २,९८८ किलो हेरॉइन निघालं. माल अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेला; आयातदाराचा पत्ता विजयवाड्याचा, म्हणजे पूर्व किनाऱ्याजवळचा, आणि माल उतरत होता पार पश्चिमेला कच्छमध्ये. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर निरुपद्रवी. तीन-चार एकत्र आल्या की फाईल बाजूला काढायची.

मग वजन. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढण्याआधी प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन देणं बंधनकारक आहे. म्हणजे हाताशी तीन वजनं येतात: बिलावरचं, पडताळलेलं, आणि बंदराच्या काट्यावरचं. तिन्ही जुळत नसतील तर प्रश्न विचारता येतो. त्यानंतर सील. दाराचा कडीबोल्ट सील तपासायच्या चार कृती आहेत: नीट पाहा, नंबर कागदाशी जुळवा, जोरात ओढा, पिळून बघा. खोट्या सीलचा बोल्ट पिळल्यावर फिरतो किंवा डोकं निघून हातात येतं. अनेकजण नंबर जुळला की पुढे जातात, आणि चूक नेमकी तिथेच होते. कारण निर्यातदाराला कळू न देता बंदरात दार उघडून पिशव्या टाकायच्या आणि त्याच नंबरचा नकली सील लावायचा, ही पद्धत सर्रास आहे. सील शाबूत असला तरी दाराच्या मुठीचे रिव्हेट आणि बिजागऱ्या बघाव्यात. जुन्या, गंजक्या दारावर दोनच रिव्हेट ताज्या रंगाचे असतील तर दार सील न तोडता उघडलं गेलंय.

क्ष-किरण स्कॅन एकसारख्या मालात चांगला चालतो. केळ्यांच्या खोक्यांची रांग पडद्यावर जाळीसारखी दिसते, त्यात वेगळ्या घनतेचा ठोकळा डोळ्यात भरतो. भंगार, यंत्रांचे सुटे भाग, मिश्र सामान यांच्यात प्रतिमा म्हणजे नुसता गोंधळ. म्हणून अनुभवी विश्लेषक त्याच निर्यातदाराच्या आधीच्या स्वच्छ खेपेची प्रतिमा शेजारी ठेवून पाहतो. शीतकंटेनरात थंडावा देणाऱ्या यंत्राचा कप्पा वेगळा बघावा लागतो. शिवाय नाशवंत मालाला वेळेचं दडपण असतं. माल सडला तर भरपाई कोण देणार, या एका प्रश्नामुळे कितीतरी तपासण्या उरकल्या जातात.

कंटेनर उघडताना होणारा अपघात हा या कामातला सगळ्यात कमी बोलला जाणारा धोका. लाकूड, धान्य, कोको अशा मालाला कीड लागू नये म्हणून धुरी दिलेली असते, आणि फॉस्फिन किंवा मिथाइल ब्रोमाइड आत साचलेलं असतं. दारावर इशाऱ्याचा कागद असायला हवा, पण तो पुष्कळदा गळालेला असतो. आधी वायूमापकाची नळी दाराच्या रबरातून आत घालून वाचन घ्यायचं, मग दारं उघडून हवा खेळू द्यायची, नंतरच माणूस आत. कुत्रं तर त्यानंतरच. कुत्र्याचंही एक बघावं लागतं: वीस-तीस मिनिटांच्या सलग हुंगण्यानंतर त्याचं लक्ष उडतं. थकलेल्या कुत्र्याने काही दाखवलं नाही याचा अर्थ आत काही नाही, असा होत नाही.

बंदरातल्या भ्रष्टाचाराला मोठा हातभार लागतो तो माहितीच्या चोरीचा. कंटेनर सोडवून न्यायला ट्रकवाल्याला एक सांकेतिक क्रमांक लागतो. तो क्रमांक विकणारा कर्मचारी मिळाला की टोळी खऱ्या वाहतूकदाराच्या आधी येऊन कंटेनर घेऊन जाते. कुठे कुलूप तोडायला नको की भिंत चढायला नको. २०२० मध्ये एन्क्रोचॅट आणि २०२१ मध्ये स्काय ईसीसी या गुप्त संदेशसेवा पोलिसांनी फोडल्या, तेव्हा या व्यवहारांचे दर, नावं आणि वेळापत्रकं वाचायला मिळाली. त्यावर उपाय म्हणून अँटवर्प आणि रॉटरडॅम या युरोपातल्या मोठ्या बंदरांनी क्रमांकाची पद्धत मोडून, साखळीतल्या ओळख पटलेल्या माणसाकडूनच पुढच्याकडे हक्क जाईल अशी डिजिटल व्यवस्था आणली. कुंपणाची उंची वाढवण्यापेक्षा हे शंभरपट उपयोगी आहे.

माल सापडल्यावर तो लगेच उचलायचा की जाऊ द्यायचा? १९८८ च्या कराराचं कलम ११ ‘नियंत्रित वितरणा’ची मुभा देतं: माल आहे तसा, किंवा काढून घेऊन, किंवा पूर्ण वा अंशतः बदलून पुढे पाठवायचा आणि घेणाऱ्याला पकडायचं. बदलून पाठवणं सुरक्षित, पण वजन, पुड्यांचं बांधकाम, अगदी चिकटपट्टीचा रंगही जुळवावा लागतो. फसतं कुठे? दोन देशांच्या कायद्यांत. एकीकडे न्यायाधीशाची लेखी परवानगी लागते, दुसरीकडे सरकारी वकिलाचा फोन पुरतो. तोवर जहाज बंदराला लागलेलं असतं. कंटेनर नेहमीपेक्षा दोन दिवस जास्त अडकला तरी घेणारा सावध होतो आणि फिरकतच नाही. मग हाती राहतो माल, ज्याची किंमत वर सांगितली तशी क्षुल्लक.

खुल्या समुद्रात तर याहून विचित्र परिस्थिती. दुसऱ्या देशाचा झेंडा असलेल्या जहाजावर चढायला त्या देशाची संमती लागते. कलम १७ त्यासाठीच आहे. झेंडा नसलेल्या जहाजावर तपासणीसाठी चढता येतं. अरबी समुद्रात आंतरराष्ट्रीय नौदल पथकं मकरान किनाऱ्याकडून (इराण-पाकिस्तानचा दक्षिण किनारा) येणारी गलबतं वर्षानुवर्षं अडवत आली आहेत. पण खटला चालवायला कुणी तयार नसलं की माल समुद्रात बुडवतात आणि खलाशांना बोटीसह सोडून देतात. मालाचा मालक त्या बोटीवर कधीच नसतो, हे वेगळं सांगायला नको. माल गेल्याचा पुरावा म्हणून नौदलाचंच प्रसिद्धीपत्रक त्याच्याकडे पोचतं.

पुराव्याबद्दल एकच मुद्दा. जागेवर केलेली रंगचाचणी फक्त संशय दाखवते. निरुपद्रवी पदार्थही तोच रंग देऊ शकतात, आणि अनेक नवे कृत्रिम पदार्थ रंगच देत नाहीत. खटला उभा राहतो तो प्रयोगशाळेतल्या वायुवर्णलेखन आणि वस्तुमानमापनावर, म्हणजे घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचण्यांवर, आणि त्याहीपेक्षा नमुना कुणी, कधी, कुणाला दिला याच्या सलग नोंदीवर. प्रयोगशाळेचा आणखी एक उपयोग म्हणजे मालाची रासायनिक ओळख. मेक्सिकोने २००८ मध्ये स्यूडोएफेड्रिनवर (सर्दीच्या औषधातला, मेथ बनवायला वापरला जाणारा घटक) बंदी आणल्यावर तिथल्या मेथची बनावट बदलली, हे आधी कळलं ते जप्त नमुन्यांच्या विश्लेषणातून.

मालाइतकाच पैसाही फिरतो, आणि तो मालापेक्षा जड असतो. शब्दशः जड. अमेरिकी नोटेचं वजन जवळजवळ एक ग्रॅम. एक किलो कोकेन पुड्यांतून ८०,००० डॉलरला विकलं आणि पैसे वीसच्या नोटांत आले, तर त्या ४,००० नोटा म्हणजे चार किलो. एक किलो माल आत आला, चार किलो कागद बाहेर जायचाय. दहा लाख डॉलर वीसच्या नोटांत पन्नास किलो भरतात, शंभरच्या नोटांत दहा. याच कारणाने ५०० युरोच्या नोटेला गुन्हेगारी बाजारात मान होता आणि युरोपातल्या मध्यवर्ती बँकांनी २०१९ मध्ये ती नव्याने चलनात आणणं थांबवलं. पोत्यात भरलेली रोकड हे टोळीचं सगळ्यात मोठं दुखणं असतं, कारण ती ठेवणारा, मोजणारा आणि नेणारा माणूस दरवेळी लागतो, आणि तो माणूस चोर निघू शकतो. म्हणून रोकड पुष्कळदा देशाबाहेर जातच नाही. हवालावाला इथे रोकड घेतो, तिथे दुसऱ्याकडून चुकती करतो. मधली बाकी खऱ्या मालाच्या फुगवलेल्या किंवा दाबलेल्या बिलांतून फिटते. दहा डॉलरच्या वस्तूचं शंभरचं बिल केलं की नव्वद डॉलर सीमेपार गेले. सीमाशुल्काकडे आयातीच्या किमती असतात, दुसऱ्या देशाकडे त्याच खेपेच्या निर्यातीच्या. त्या दोन याद्या शेजारी ठेवणं एवढंच काम आहे, आणि बहुतेक वेळा त्या दोन देशांच्या वेगवेगळ्या कपाटांत पडून असतात. टोळीचा माल भरून निघतो. पैसे फिरवणारा विश्वासू माणूस भरून निघायला वर्षं जातात.

आता कारवाई लागू पडतेय की नाही, हे ओळखायचं कशावरून? टनांवरून नक्कीच नाही. अँटवर्पमध्ये २०२३ ला ११६ टन कोकेन पकडलं, २०२४ ला ४४ टन. कुणी म्हणेल धाक बसला, कुणी म्हणेल पकड ढिली झाली. दोन्ही निष्कर्ष त्या आकड्यातून निघत नाहीत. २०२४ च्या सांडपाणी मोजणीत युरोपातल्या अनेक शहरांत कोकेनचा अंश वाढलेलाच होता. म्हणजे माल येत होता, पण लहान बंदरांतून, लहान खेपांतून, समुद्रातच बोटीवर उतरवून. त्यामुळे तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात. एक, किरकोळ बाजारातली शुद्धता. विक्रेता तुटवडा लपवताना आधी पुडीचा भाव तोच ठेवून भेसळ वाढवतो, म्हणून भावापेक्षा शुद्धता लवकर बोलते. दोन, शुद्ध ग्रॅममागचा भाव, म्हणजे भावाला शुद्धतेने भागून आलेला आकडा. तो काढल्याशिवाय बाजार स्वस्त झाला की महाग हे कळत नाही. तीन, सांडपाणी. कोकेन शरीरातून गेल्यावर बेंझॉइलएक्गोनिन नावाचा पदार्थ मागे राहतो. आठवडाभर दर चोवीस तासांचा नमुना घेऊन, पाण्याचा एकूण प्रवाह आणि लोकसंख्या यांनी हिशोब केला की दर हजार माणसांमागे रोज किती मिलिग्रॅम, ते निघतं. पाऊस पडला तर पाणी पातळ होतं, म्हणून प्रवाह मोजणारं यंत्र बिघडलेलं असेल तर त्या आठवड्याचा आकडा फेकून द्यावा. आणि हिशोब भरण्याआधी त्या आठवड्यात शहरात मोठा उत्सव किंवा सामना होता का, एवढं विचारून घ्यावं.